कार चालवता येते, आता ट्रक ड्रायव्हर व्हायचंय: ट्रेनिंग कुठलं घ्यावं आणि सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की कारचा सराव आहे, आता जड वाहनाचं लायसन्स काढून हेच काम करायचंय, तर शाळा कशी निवडायची आणि नेमकं काय शिकायचं.

लायसन्सचे नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. नजर, साखर किंवा रक्तदाब यात अडकलात तर ट्रेनिंगचे पैसे पाण्यात.

शाळेत जाऊन सरळ विचारा: स्टेअरिंग माझ्या हातात किती तास असेल? एका गाडीत किती विद्यार्थी बसवता? गाडी भरलेली असते की रिकामी? रिव्हर्सला मोकळी जागा आहे का? रिकाम्या ट्रकवर लायसन्स निघतं, पण भरलेल्या गाडीत उतार, वळण आणि ब्रेक सगळंच बदलतं. निदान काही तास तरी लोड घातलेल्या गाडीवर मिळायलाच हवेत. ते मिळत नसतील तर दुसरी शाळा बघा.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. जड ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबल्यावर हवा चेंबरपर्यंत (चाकाजवळचा डबा, त्यातला दांडा हवेने पुढे ढकलला जातो) पोचून लायनर (ब्रेकचा घासणारा थर) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला, आतून टेकायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्या वेळात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि हे तुमचा पाय पेडलवर पडल्यानंतरचं अंतर आहे.

रोज निघण्याआधी चाकांना ठोकळे लावा, इंजिन चालू ठेवून ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरू द्या (बहुतेक गाड्यांत ७ ते ८.५ बार; बार म्हणजे दाबाचं माप), मग इंजिन बंद करा. पार्किंग ब्रेक सोडून पेडल पूर्ण दाबून ठेवा. हवेच्या मीटरचा काटा आधी थोडा खाली येईल, तो स्थिरावला की एक मिनिट मोजा. त्या मिनिटात ०.२-०.३ बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे; कान लावला की सूं आवाज सापडतो. मग किल्ली चालू करून पेडल पुन्हा पुन्हा दाबत हवा उतरवा. साधारण ४ बारच्या आसपास हवा कमी झाल्याचा बझर वाजलाच पाहिजे. टाकीखालचा ड्रेनही ओढून बघा. थोडं पाणी येणं ठीक, पण तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसर मेकॅनिकला दाखवा.

उतारावर नवे ड्रायव्हर एकच चूक करतात: गिअर उतार सुरू झाल्यावर बदलायला जातात. भरलेल्या गाडीचा गिअर तिथे न्यूट्रलला अडकला की परत पडेलच असं नाही. खालचा गिअर उतार लागण्याआधीच टाका, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकाचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग रोखणारी यंत्रणा) चालू ठेवा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठरवलेल्या वेगापर्यंत गाडी आली की तीनेक सेकंद नीट दाबा, वेग ताशी ८-१० किलोमीटरने उतरला की पूर्ण सोडा, पुन्हा चढला की पुन्हा दाबा. याचं कारण साधं आहे. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. त्यामुळे चेंबरच्या दांड्याला जास्त अंतर जावं लागतं, आणि शेवटी तो टोकाला पोचतो तरी ब्रेक धरत नाही. जळका वास आला तर थांबा, पण लगेच पाणी ओतू नका. ड्रमला तडा जातो.

ट्रेलर रिव्हर्सला हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवा. थोडंसंच फिरवा, कारण परिणाम उशिरा दिसतो आणि तोवर माणूस जास्त फिरवून बसतो. शक्य तिथे ड्रायव्हरच्या बाजूला वळवून मागे घ्या, खिडकीतून दिसतं. शंका आली की खाली उतरून बघा, त्यात कमीपणा नाही.

ट्रेलर जोडताना त्याची पुढची प्लेट ट्रकच्या टर्नटेबलपेक्षा (ट्रकच्या मागची, ट्रेलर जिच्यावर टेकतो ती जबड्याची प्लेट) किंचित खाली असावी, म्हणजे आत शिरताना ती थोडी उचलली जाते. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची जाड पिन) जबड्यात न बसता वरच टेकते. लॉक लागल्यासारखं वाटतं आणि पुढे ट्रेलर सुटतो. टॉर्च घेऊन खालून बघा: दोन प्लेटांमध्ये फट नको आणि जबडा पिनच्या बारीक भागाभोवती मिटलेला हवा. मग ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवून खालच्या गिअरात पुढे ओढून बघा. ट्रेलरचे टेकूचे पाय वर गुंडाळायचे ते त्यानंतर.

टायरवर हातोडी मारून फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो. जोडीतल्या आतल्या टायरला गेजच लावा. चाक बदललं असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

पहिली नोकरी ठरावीक मार्गावरच्या, साध्या मालाच्या बिनट्रेलर ट्रकवर घ्या. टँकर नंतर. अर्धवट भरलेल्या टँकरमधलं द्रव ब्रेक लावल्यावर पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं, ते सांभाळायला हात बसलेला लागतो. पगार विचारताना गोदामावर थांबलेल्या तासांचे पैसे मिळतात का, दंड आणि नुकसान कोण भरतं, माल उतरवायचा कोणी, हे लिहून घ्या. आणि पोचण्याची वेळ ऐकून स्वतः हिशोब करा. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणं कायद्यानेच सक्तीचं आहे. तुमच्याकडे नियम ढिला असला तरी एवढी विश्रांती धरून मालकाने दिलेली वेळ जमत नसेल, तर ती खेप नाकारा.