‘हे यांचं नाही’

“मॅडम, वाङ्मयचोरीचा ठपका बसला तर माझे तासही जातील ना?” साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आधीच ती हे बोलली. तासिका तत्त्वावर शिकवणारी, समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी, कोरेगावकडून एसटीनं आलेली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. प्रबंध सादर करायला महिना उरला होता. मार्गदर्शकांनी एका वाक्याखाली लाल रेघ मारून लिहिलं होतं, ‘हे यांचं नाही. सगळे संदर्भ तपासा.’ त्या रात्रीपासून झोप उडाली होती. फाईल उघडली की हात थरथरायचे.

प्रबंध लिहिणारी कितीतरी मुलं-मुली हीच भीती घेऊन येतात. ‘काही होत नाही’ असं मी म्हटलं नाही. तिला ते पटलं नसतं, आणि चूक तर झालीच होती. म्हटलं, “ते पान दाखवा.”

वाक्य महात्मा फुल्यांचं होतं, ‘शेतकऱ्याचा असूड’मधलं. तिनं लिहिलं होतं, ‘फडके (१९९१) म्हणतात’. फुल्यांचं समग्र वाङ्मय य. दि. फडक्यांनी संपादित केलं, ती आवृत्ती १९९१ची. असूड १८८३चा. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, याच जिल्ह्यातलं. तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि गप्प झाली.

“कसं झालं हे?” मी विचारलं. तिनं पिशवीतून संपादित पुस्तकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा काढला. त्यांत प्रत्येक प्रकरण वेगळ्या लेखकाचं. ग्रंथालय संदर्भाची पुस्तकं घरी देत नाही, म्हणून लागणारं प्रकरण आणि मुखपृष्ठ एवढंच काढून आणलेलं. मुखपृष्ठावर संपादकांचं नाव ठळक. प्रकरणाच्या लेखकाचं आत, शीर्षकाखाली बारीक. दोन प्रकरणांत तर ते झेरॉक्सच्या कडेला कापलंच गेलेलं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत वाङ्मयचोरी म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं. तिनं स्वतःचं नाव कुठंच पुढं केलं नव्हतं. हे सांगितल्यावर तिनं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. पण पुढचंही मी सांगितलं. ज्यानं ते प्रकरण लिहिलं त्याचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर पडलंय, ते त्याला परत मिळायलाच हवं.

मग संदर्भसूचीतली एकच नोंद आम्ही हातानं लिहून काढली. तिच्या विभागात संदर्भ लिहिण्याच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती चालते. आधी प्रकरणाच्या लेखकाचं आडनाव, आद्याक्षरं, वर्ष. मग प्रकरणाचं शीर्षक. त्यानंतर संपादक, पण इथं आद्याक्षरं आधी, आडनाव नंतर, पुढे कंसात ‘संपा.’. मग तिरप्या अक्षरात पुस्तकाचं नाव, कंसात प्रकरणाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची पानं, शेवटी प्रकाशक. प्रकाशनाचं गाव आता लागत नाही. मजकुरातल्या कंसात मात्र प्रकरणाचा लेखक आणि वर्ष, संपादक नाही. समग्र वाङ्मयातलं लेखन फुल्यांचंच, म्हणून तिथं ‘(फुले, १८८३/१९९१)’.

“म्हणजे विश्वकोशाचंही चुकलंय,” ती पुटपुटली. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाची प्रत्येक नोंद तिनं ‘जोशी’ म्हणून दिली होती, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. नोंद लिहिणाऱ्याचं नाव नोंदीच्या शेवटी छापलेलं असतं, तिथवर तिची नजर गेलीच नव्हती. ही चूक तिची तिला सापडली याचा मला फार आनंद झाला. तोवर तिचे हात टेबलावर स्थिर होते.

रोज पाचच नोंदी तपासायच्या, त्याही ग्रंथालयात, मूळ पुस्तक उघडून, असं ठरलं. रात्री फाईल उघडायची नाही. मार्गदर्शकांना तिनं स्वतः भेटून सांगितलं की चूक कळली आहे, दुरुस्त करतेय. ती भेट तिला सगळ्यात जड गेली. आदल्या दिवशी माझ्यासमोर दोनदा बोलून बघितलं, तेव्हा कुठं धीर झाला.

तिसऱ्या भेटीला ती वही घेऊन आली. बहुतेक नोंदींवर काट मारून शेजारी नवं नाव लिहिलेलं. एका नोंदीला तिनं हात लावला नव्हता. त्या पुस्तकाची प्रस्तावना संपादकांनी लिहिली होती, आणि उतारा त्या प्रस्तावनेतला होता.

“मॅडम, इथं संपादकांचंच नाव राहू दे. हे त्यांचंच आहे.”