बी फुगलं म्हणजे सब्जा नव्हे

प्रश्न: गोरेवाड्याकडे फिरायला जाताना रस्त्याकडेला छातीएवढं वाढलेलं एक झाड सगळीकडे दिसतं. पानं चुरगळली की तुळशीसारखा उग्र वास येतो. फुलं बारीक, जांभळी. बी पाण्यात टाकलं तर सब्ज्यासारखं फुगलं. हा सब्जाच का? सरबतात घालावा का?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर: वर्णनावरून ही रानतुळस दिसते. शास्त्रीय नाव मेसोस्फेरम सुआवेओलेन्स, जुन्या पुस्तकांत हिप्टिस. मूळची उष्ण अमेरिकेतली. फसगत होते ती वास आणि बी या दोन गोष्टींमुळेच, कारण दोन्ही झाडांना वास आहे आणि दोन्हींचं बी पाण्यात बुळबुळीत होतं.

आधी खोड बोटांत फिरवून पाहा. चार कडा लागतील, पानं समोरासमोर असतील. पण एवढ्यावर थांबू नका. घाणेरीचं कोवळं खोडही चौकोनी असतं.

खरी खूण फुलाखालच्या हिरव्या वाटीत, म्हणजे निदलपुंजात आहे. दहापट भिंग घ्या. सब्ज्याच्या वाटीला वरच्या बाजूनं एक मोठा गोलसर पदर असतो, बाकीचे दात लहान. रानतुळशीच्या वाटीवर दहा उभ्या शिरा आणि काठावर सुईसारखे पाच सरळ, सारखे दात असतात. वाळल्यावर हेच दात कपड्यांना चिकटतात. शिवाय सब्ज्याला फांदीच्या टोकाला लांब मंजिरी येते. रानतुळशीची फुलं पानांच्या बगलेत दोन ते पाचच्या झुपक्यांनी येतात. बीही वेगळं: सब्ज्याचं काळं, लंबगोल, सुमारे 2 मिमी, रानतुळशीचं 3 ते 4 मिमी, चपटं, टोकाला खाच असलेलं.

नुसती पानांची फांदी पाहून ओळख सांगता येत नाही. फूल आणि पिकलेली वाटी दोन्ही असलेली 25–30 सेंमीची फांदी घ्या, वर्तमानपत्रात दाबून वजन ठेवा आणि कागद रोज बदला. आळस केला तर बुरशी येते, पानं काळी पडतात.

मेक्सिकोत या बियांचं पेय करतात, तरी रस्त्याकडेचं, ओळख न पटलेलं बी पोटात घालू नका. अंगणात तर मुळीच पेरू नका. उग्र वासामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ती भराभर पसरते आणि खालचं गवत दबतं. अंगणात उगवलीच असेल तर फुलायच्या आत, माती ओली असतानाच मुळासकट उपटा.