गिरणगावावर लिहिणार आहेस म्हणून

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपापासून सुरुवात आणि मॉलच्या दारात शेवट. स्पष्टच सांगतो, असं लिहिलंस तर मुंबईतलं कापड गिरण्यांचं हे गिरणगाव कसं संपलं एवढंच वाचकाला कळेल. ताडदेवची दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तिथून संपापर्यंत सव्वाशे वर्षं माणसं इथं राबली, भांडली, संसार केले. ते आधी शोध.

सुरुवात खोलीपासून कर. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांत कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावचे पुरुष दाटीवाटीने राहत. भिंतीकडेला ट्रंका, वर दोरीवर कपडे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन आडवा व्हायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असायची. भाडं कोण गोळा करायचं, आजारी माणसाला कुठे झोपवायचे, गावाहून बायको आली तर काय व्हायचं, हे विचार. संपाच्या तारखा छापील मिळतील, ही उत्तरं मिळणार नाहीत.

मग खानावळीकडे वळ. या पुरुषांना रोज जेवू घालणाऱ्या बायका बहुतेक इतिहासांत एका ओळीत आटोपतात, याचा मला खरोखर राग येतो. महिन्याचा हिशेब पगाराच्या दिवशी चुकता व्हायचा, म्हणजे तोवरचा किराणा तिच्या उधारीवर. गिरणी बंद पडली की पहिला खड्डा तिच्या वहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. कोणाकडे अशी जुनी वही मिळाली तर पानापानाचा फोटो घे.

चाळीतला एकोपा, भजनं, कबड्डी, गणपती, सगळं खरं आहे आणि त्यावर तू मनापासून लिही. पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, दलित कामगारांना घेत नसत, हेही त्याच पानावर यायला हवं. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे करायचं. साच्यावर पगार जास्त, त्यामुळे नुकसान थेट पोटाचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हाताऱ्या माणसांना हे विचारताना अवघडशील. तरी विचार.

१९८२ च्या, कामगार नेते दत्ता सामंतांच्या संपाबद्दल एकच. ‘सामंतांच्या संपाने गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य तुला दहा जण ऐकवतील. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि असंख्य घरं उद्ध्वस्त झाली, हे खरंच. पण आजचं लोअर परळ घडलं ते जमिनीच्या नियमांमुळे. मुंबईतल्या बांधकामाच्या १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या, म्हणजे बांधकाम नसलेल्या, जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. मैदानं आणि कामगारांची घरं नकाशावरून पुसली गेली ती इथं. हे प्रकरण घाईत उरकू नकोस. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाच.

आजच्या वस्तीलाही उपरं म्हणू नकोस. टॉवरच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन, पार्सल घेऊन पळणारा पोरगा, तेही इथले कामगारच. ते झोपतात कुठे, जेवतात कुठे, त्यांनाही तेच प्रश्न विचार.

मुलाखती म्हाताऱ्या बायकांपासून सुरू कर, दुपारची कामं आवरल्यावर जा, आणि मुलगा शेजारी बसून उत्तरं देऊ लागला तर पुन्हा एकदा एकटा जा. पहिल्या काही झाल्या की शब्दन् शब्द उतरवून, काटछाट न करता मला पाठव.

तुझा,
काका