स्तनपुनर्रचना: शस्त्रक्रियेआधीच विचारायचा प्रश्न

‘स्तन काढला, आता काय करता येईल?’ अशी पत्रे सतत येतात, आणि ती वाचताना दरवेळी वाटते की हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला गेला असता तर उत्तरात कितीतरी अधिक पर्याय देता आले असते. स्तनपुनर्रचना म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी इम्प्लांट (सिलिकॉनची पिशवी) बसवून किंवा स्वतःच्याच शरीराची त्वचा व चरबी आणून स्तन पुन्हा घडवणे. त्याविषयीच्या काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

आईचे वय ६३ आहे. या वयात पुनर्रचना होते का? (कोल्हापूर)

होते, मात्र हृदय, मधुमेह आणि भूल सोसण्याची ताकद तपासूनच निर्णय घ्यावा.

सिलिकॉन बसवल्यास कॅन्सर परत येतो आणि आल्यावर कळतही नाही, असे शेजारच्या बाईंनी सांगितले. (सातारा)

शेजारच्या बाईंचे हे म्हणणे खरे नाही. पुनर्रचनेमुळे स्तनाचा कर्करोग उलटण्याची शक्यता वाढत नाही आणि नियमित तपासणीत तो सापडण्यातही सहसा अडथळा येत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा हा वेगळा कर्करोग होऊ शकतो, आणि त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली, एवढे मात्र खरे आहे. त्यामुळे इम्प्लांटची कंपनी व प्रकार नोंदवलेले कार्ड जपून ठेवावे, आणि काही वर्षांनी त्या बाजूला अचानक सूज आल्यास घरगुती लेप न लावता डॉक्टरांना दाखवावे.

वय ४१. पुढच्या आठवड्यात स्तन काढणार आहेत. ‘आधी जीव वाचवू, बाकीचे दोन वर्षांनी पाहू,’ असे डॉक्टर म्हणतात. हे बरोबर आहे का? (नाशिक)

जीव आधी, याबद्दल दुमत नाही. पण ‘नंतर पाहू’ हा वैद्यकीय निर्णय आहे की केवळ चर्चा टाळणे आहे, हे तुम्ही स्पष्ट विचारलेच पाहिजे. पुनर्रचना त्याच शस्त्रक्रियेत करायची असेल तर पुष्कळदा स्तनावरची त्वचा आणि काही रुग्णांमध्ये स्तनाग्रही राखता येते. एकदा ती त्वचा काढून जखम सपाट शिवली की तीच जागा पुन्हा घडवण्यासाठी एक्स्पांडरने (त्वचेखाली बसवून टप्प्याटप्प्याने फुगवायच्या पिशवीने) त्वचा हळूहळू ताणावी लागते किंवा पाठीची अथवा पोटाची त्वचा आणावी लागते. उलट, पुढे रेडिएशन द्यावे लागणार असेल तर थांबण्याचा सल्लाही योग्य असू शकतो, कारण रेडिएशननंतर इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसून स्तन कडक व वेडावाकडा होण्याचे प्रमाण वाढते, आणि अशा वेळी स्वतःच्या शरीरातील ऊती वापरणे बहुधा अधिक टिकाऊ ठरते. म्हणजे ‘आता’ की ‘नंतर’ हे गाठीचा टप्पा, काखेतील गाठी, केमो आणि रेडिएशन यांच्या हिशेबाने ठरते, आणि हा हिशेब कर्करोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांनी तुमच्यासमोर एकत्र बसून मांडायला हवा. संपूर्ण स्तन काढणे खरोखर आवश्यक आहे का, हेही त्याच भेटीत विचारा. योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिल्यास आयुर्मानात फरक पडत नाही. प्लास्टिक सर्जनची भेट याच आठवड्यात घ्या. मात्र त्या भेटीसाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने पुढे ढकलणे मला मुळीच मान्य नाही.

एका जाहिरातीत ‘नवा स्तन आणि सपाट पोट, एकाच पॅकेजमध्ये’ असे लिहिले आहे. घ्यावे का? (ठाणे)

जाहिरात पाहून मुळीच नाही. पोटाची त्वचा व चरबी वापरून होणारी ‘डीप फ्लॅप’ (फ्लॅप म्हणजे उचलून आणलेला त्वचा-चरबीचा तुकडा) ही सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची, कित्येक तास चालणारी शस्त्रक्रिया आहे. जोडलेली वाहिनी बंद पडल्यास पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते आणि क्वचित सगळा फ्लॅप गमवावा लागतो. अंगाने बारीक असलेल्या किंवा पोटाच्या काही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना ती जमतेच असे नाही. या शस्त्रक्रिया तेथे किती होतात आणि रात्री फ्लॅप कोण तपासते, हे विचारा. ‘आयुष्यभर टिकणारे इम्प्लांट’ असे कोणी म्हणाल्यास तेथून उठावे, कारण इम्प्लांट पुढे बदलावे लागू शकते.

सिगारेट ओढत नाही, सकाळी फक्त मिशरी लावते. चालेल ना? (सांगली)

चालणार नाही. मिशरीतील निकोटीनही रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे फ्लॅपची कड काळी पडू शकते. ती आजच बंद करा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

विमा कंपनीने पुनर्रचना ‘कॉस्मेटिक’ ठरवून दावा नाकारला. (पुणे)

नकार लेखी मागा. विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेत सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळताना कर्करोगानंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून राखली आहे. सर्जनचे प्रमाणपत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जा. आपल्या पॉलिसीची कलमे जाणकाराकडून आधी वाचून घ्या.

मला काहीच करून घ्यायचे नाही. घरचे मागे लागले आहेत. (रत्नागिरी)

करू नका. कर्करोगाच्या उपचारासाठी पुनर्रचना आवश्यक नाही, आणि पुढे मत बदलल्यास ती बहुधा नंतरही करता येते. ब्लाऊजमध्ये बसणारा कृत्रिम स्तन हवा असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत कापसाचा हलका वापरावा, आणि सिलिकॉनचा वजनदार घेण्याआधी सर्जनला जखम दाखवावी.