अख्खा मासा आणि बटाटे: आधी बटाटे, मग मासा

पहिल्यांदाच करताय ना, मग एक किलोच्या आतलाच मासा घ्या. खवले, आतडी आणि मुख्य म्हणजे कल्ले काढलेत ना, ते घरी पुन्हा बघा. कल्ले राहिले तर कडवट चव येते.

बहुतेकांची गडबड बटाट्यांपाशी होते. मासा वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, बटाट्याला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. दोन्ही एकदम ओव्हनमध्ये सारलेत तर बटाटे कच्चे तरी राहतात, नाहीतर मासा भुशासारखा कोरडा होतो. (माझे पहिले दोन मासे असेच गेले.) म्हणून बटाट्याचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप दोन चमचे तेल आणि मीठ लावून २०० अंशांवर अर्धा तास आधी भाजा. मग त्यांच्यावर मासा ठेवा. तो आधी कापडाने खडखडीत टिपून घ्या, दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तिरक्या चिरा द्या, पोटात लसूण आणि लिंबाच्या चकत्या भरा. माशाचा रस खाली झिरपतो, त्यामुळे जास्तीचं तेल लागतच नाही.

झाला की नाही ते पाठीजवळच्या जाड भागात सुरी घालून बघा: मांस काट्यापासून सहज सुटलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर ६३ अंश.