वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी ध्वनिमुद्रण

प्रश्न : मी बारावीत शिकतो. पेटीवर स्वतःच साथ करत अभंग गातो आणि माझा मित्र तबला वाजवतो. संगणकावर ध्वनिमुद्रण केले की आवाज फार घुमतो, शिवाय हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो. वडील महागडा कंडेन्सर माइक घेऊन द्यायला तयार आहेत. तो घ्यावा का? आठ जीबी रॅमचा संगणक पुरेल का? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : माइकची खरेदी तूर्त थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन. तुमची अडचण माइकची नसून खोलीची आहे. उघड्या भिंती, फरशी आणि स्लॅब यांवर आपटून परतलेला आवाज माइकमध्ये पुन्हा शिरतो, आणि कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असल्याने तो हा घुमारासुद्धा तितक्याच बारकाईने टिपेल. मुद्रणात एकदा मिसळलेला घुमारा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे निघत नाही. म्हणून कपड्यांनी भरलेले कपाट किंवा गाद्यांचा ढीग असलेली खोली निवडा, खाली सतरंजी अंथरा आणि जाड गोधडी माइकमागे नव्हे, तर गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. कारण गायनाचा माइक बहुधा समोरचे जास्त ऐकतो आणि गाणाऱ्याच्या मागची भिंत नेमकी त्याच्या समोर येते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवा आणि पंखा बंद करा. एवढे करून जुन्याच माइकवर तोच अभंग पुन्हा मुद्रित करून पाहा. त्यानंतरही खरेदी करावीशी वाटली, तर दोन माइक जोडता येतील असा साधा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी), एक डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन, एवढ्यावर दीर्घकाळ उत्तम काम होते.

आवाज उशिरा येण्याचे कारण म्हणजे संगणक आवाजाचे नमुने थोडे साठवून मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असताना बफर, म्हणजे हा साठा, १,०२४ नमुन्यांचा असेल, तर तेवढ्यानेच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. तो १२८ वर आणला, की हा वेळ तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवा आणि मिक्सिंग करताना, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवताना, मोठा. तुमच्या कामाला आठ जीबी रॅम पुरेशी आहे. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. मुद्रण २४ बिटमध्ये करा आणि सर्वांत मोठा स्वरही सॉफ्टवेअरच्या मापकावर उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) राहील अशी पातळी ठेवा.

राहिला प्रश्न तबल्याचा. प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करावे, हा सल्ला तुम्हाला सर्वत्र मिळेल. अभंगासाठी मला तो पटत नाही. तबलजी गाणाऱ्याच्या श्वासाकडे पाहून लग्गी (तबल्याचे जलद, खेळकर वादन) सुरू करतो, आणि वेगवेगळे मुद्रण करताना लावाव्या लागणाऱ्या मेट्रोनोमच्या, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर ती देवघेव हरवते. दोघे एकत्रच बसा, एक माइक गळ्यासाठी आणि दुसरा तबल्यासाठी लावा आणि गायनाच्या माइकची पाठ तबल्याकडे करा. तबला थोडा मिसळला, तरी चालेल.

प्रश्न : मिडी कीबोर्डवर (संगणकातील वाद्ये वाजवणाऱ्या कीबोर्डवर) सारंगीचा आवाज लावून चाली बांधते, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, मध्येच अडते. काय करावे? – एक वाचक, पणजी

उत्तर : कीबोर्डवरचे पिच बेंडचे, म्हणजे स्वर वर-खाली सरकवण्याचे, चाक बहुतेक ठिकाणी मुळात दोन अर्धस्वरांपुरतेच वर-खाली जाते. षड्जापासून शुद्ध गंधार मात्र चार अर्धस्वर दूर असल्याने मींड रिषभावरच थांबते. वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा १२ अर्धस्वरांपर्यंत वाढवा. चाकाचा हात बसेपर्यंत आधी ती मींड गाऊन मुद्रित करा आणि पडद्यावर तिच्या शेजारी पिच बेंडची रेषा माउसने हळूहळू काढत जा. गळा कुठे रेंगाळतो आणि कुठे झपकन सरकतो, हे त्या वेळी कानांना स्पष्ट कळते आणि रेषेलाही तसाच बाक देता येतो.