सायटिकासाठी कंबरेचा पट्टा कोणता घ्यावा आणि किती दिवस झोपून राहावं?

पट्ट्याचं नंतर बघू. "आई चालते-फिरते, पण तिला बसवत नाही, म्हणून घरात कुणाला खरं वाटत नाही" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, त्यासाठी हे उत्तर.

आमचं घर गुहागरकडचं. मला हे दुखणं लागलं ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायची, शिंक आली की जीव जायचा. घर चाकरमान्यांनी भरलेलं, उकड मळून तयार, बायका पाटांवर बसून मोदक वळतायत आणि मी ओट्याशी उभी राहून. मोठ्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सकाळी समुद्रावर फिरायला पाय चालतो, पाटावर बसायलाच बरा दुखतो!" नणंदा हसल्या. मी गप्प राहून पाकळ्या काढत राहिले.

पुढे चिपळूणला दाखवायला गेले, तेव्हा एसटीत जागा असून दांडा धरून उभी होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसून घ्या की." त्याला काय सांगणार?

डॉक्टरांनी उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. अर्ध्यावर यायच्या आतच मी ओरडले. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांमधली गादी (डॉक्टरांच्या भाषेत बहुतेकदा एल४-एल५ किंवा एल५-एस१) मागे सरकते, तिथून पायात जाणाऱ्या शिरेचं (मज्जातंतूचं) मूळ दाबलं जातं, सुजतं. बिघाड कंबरेत, बोंब पायात. पाठ वाकवून खाली बसलं की त्या गादीवरचा दाब वाढतो. उभं राहिलं, चाललं की बऱ्याच जणांना उतार पडतो. तर जाऊबाई (तुमचा मुलगा इथे असतो, तो वाचून दाखवेलच), पाटावर न बसवणं हे नाटक नव्हतं, तेच लक्षण होतं.

एमआरआयची घाई नको. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा सरकलेल्या गाद्या दिसतात, आणि मग घरभर ऑपरेशनची चर्चा सुरू होते. बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत त्याशिवायच उतरतं. सरकलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. फारच ठणकलं तर एखाद-दोन दिवस पडावं, पुढे झेपेल तेवढं चालावं. अंथरूण धरलं की कंबर आणखी आखडते. शीर "बसवून" देणाऱ्यांकडे तर मुळीच नेऊ नका. शेकायला हरकत नाही, बरं वाटतं, एवढंच.

हे सगळं गादीच्या दुखण्याचं हं. उतारवयात मणक्यातली नळी अरुंद झाली असेल तर उलटं असतं, चालताना पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं. आईंचं तसं वाटत नाही, पण तपासून घ्या. आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना, पायातली चप्पल निसटायला लागली, तर माझं उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. त्यात थांबायचं नसतं.

पट्टा कुठलाही घ्या, मापाचा असला म्हणजे झालं. शिरेवरचा दाब त्याने सुटत नाही. प्रवासात आधार वाटला तर बांधा, घरी आल्यावर सोडा.